किल्ल्यांचा हवाला

त्र्यंबकेश्वराच्या पश्चिमेस उभा असलेला, पावसाळ्यात निम्म्याहून अधिक काळ ढगांत लपणारा ब्रह्मगिरी यात्रेकरूला गोदावरीचे उगमस्थान म्हणून ठाऊक असतो; परंतु ज्यांनी दख्खनच्या राजवटींची कागदपत्रे चाळली आहेत त्यांना त्याच डोंगराचे दुसरे नाव, त्र्यंबकगड, अधिक परिचयाचे असते. चहूबाजूंनी तुटलेले कडे, वर येण्यास मोजक्याच वाटा, त्या वाटांवर दोन दरवाजे, आणि कोकणातून नाशकाकडे येणाऱ्या घाटमार्गांवर नजर, एवढ्या गुणांमुळे अहमदनगरच्या निजामशाहीपासून पेशवाईच्या अस्तापर्यंत या गडाच्या किल्ल्या कितीएक हातांतून फिरल्या. गडाच्या अंगाखांद्यावर आजही वस्ती असलेल्या गावाला सरकारदरबारी मेटघर किल्ला असे नाव आहे, आणि मेट म्हणजे गडाच्या चढणीवरील चौकी हे ज्याला माहीत आहे त्याला त्या वाड्यांतील माणसांचे पूर्वज तेथे कशासाठी राहिले असतील हे वेगळे सांगावे लागत नाही.

किल्ला कोणी घेतला, किती दिवसांत घेतला, तोफा कोठे चढवल्या, हे सांगण्याची हौस बखरकारांना होती व इंग्रज ग्रंथकारांनाही होती. परंतु ज्या मनुष्याने वर्षानुवर्षे सूर्यास्तास दरवाजा लावला व सूर्योदयास उघडला, त्याची त्या जागेवरून उठण्याची रीत कोणती होती, जाताना त्याने कोणास काय मोजून दिले आणि काय त्याच्याबरोबरच निघून गेले, या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. राखणीच्या कोणत्याही कामाची खरी परीक्षा पहारा चालू असताना होते त्याहून अधिक पहारेकरी बदलताना होते, असे माझे मत आहे. आणि त्या मताच्या साधकबाधक विचारास त्र्यंबकएवढे सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल, कारण येथे डोंगरावर एका प्रकारची राखण होती व डोंगराखाली, उपाध्यांच्या घरांत, तिच्या अगदी उलट प्रकारची.

आधी डोंगरावरची. शिवकाळातील गडांच्या बंदोबस्ताचे जे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीस बसून लिहिले, त्यात एका गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तिघे एका प्रतीचे अंमलदार नेमल्याचे सांगितले आहे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराजवळ, शिबंदीची हजेरी व जमाखर्च सबनिसाजवळ, पहाऱ्यांची नेमणूक सरनोबताजवळ, आणि याखेरीज धान्य व दारूगोळ्याचे कोठार कारखानिसाच्या ताब्यात. म्हणजे कोणाही एकाच्या मनात फितुरी आली तरी उरलेल्यांच्या संमतीवाचून गड शत्रूच्या हाती जाऊ नये. संगणकशास्त्रात ज्याला पायाभूत मानतात असा एक निबंध जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला, त्यात सुरक्षित यंत्रणेचे जे दंडक घालून दिले आहेत त्यांपैकी एक हाच आहे की, दोन किल्ल्यांनी उघडणारे कुलूप एका किल्लीच्या कुलुपाहून श्रेयस्कर, कारण त्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांच्या स्वाधीन करता येतात. यावरून आमच्या पूर्वजांना संगणक अवगत होता असे अनुमान काढणारे महाभाग निघतीलच; त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की अविश्वास हा मनुष्यजातीचा सनातन अनुभव असून त्यावरील उपायही तितकेच जुने असावेत यात नवल नाही.

परंतु अधिकार वाटून देणे हा अर्धाच उपाय झाला. उरलेला अर्धा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतो. १७१५च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्या ग्रंथातील दुर्गांच्या प्रकरणात हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी आणि सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी बदलावे असा नियम घातलेला आहे. या आकड्यांकडे नीट लक्ष द्यावे. चौघांनाही एकाच वेळी हलवले असते तर गडाची माहिती असलेला एकही अंमलदार मागे राहिला नसता, आणि कोणालाच हलवले नसते तर दहा वर्षांत गड राजाचा न राहता त्यांचा झाला असता. म्हणून बदल्यांची चक्रे अशी विषम ठेवली की, नवा हवालदार येईल तेव्हा सामान्यतः जुना सबनीस त्याला पाणी कोठे आटते, कोणत्या कड्यावरून घोरपडीसारखी माणसे चढू शकतात आणि कोणत्या नाईकवाडीवर रात्रीचा भरवसा टाकू नये, हे सांगण्यास जागेवर असावा. राज्यव्यवहाराच्या पुस्तकांत अशा आकड्यांवरून वाचकाची दृष्टी घसरून जाते. मला मात्र साऱ्या आज्ञापत्रात याहून शहाणी ओळ दुसरी दिसत नाही.

त्र्यंबकगडाच्या वाट्याला हा शहाणपणा सारखा आला नाही. १६३६ साली माहुलीच्या वेढ्यानंतर शहाजीराजांना जे गड मोगलांच्या हवाली करावे लागले त्यांत जीवधन, चावंड, हरिश्चंद्रगड यांच्या जोडीने त्र्यंबकही होता; म्हणजे येथील शिबंदीने तेव्हा पहारा सोडला तो पराभवाने नव्हे, धन्याने दूरवर केलेल्या तहातील एका कलमाने. १६७०च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी गड स्वराज्यात आणला, आणि १६८९च्या आरंभी, ज्या दिवसांत संभाजीमहाराज संगमेश्वरास पकडले गेले त्याच दिवसांच्या आगेमागे, औरंगजेबाचा सरदार मातबरखान याने तो पुन्हा घेतला. या मातबरखानाचे युद्धशास्त्र पाहण्यासारखे आहे. गडाखाली चौक्या बसवून रसद तोडणे, महिनेच्या महिने वाट पाहणे, आणि त्या अवधीत वरच्या अंमलदारांशी संधान बांधणे, अशी त्याची पद्धत होती; तटाला भगदाड पाडण्यापेक्षा तटाच्या धन्याला वळवणे स्वस्त पडते हे त्याने पुरते ओळखले होते. ज्याला आपली जागा कधी सुटेल व सुटल्यावर आपले काय होईल याची कल्पना नाही, असा उपाशी पहारेकरी हा अशा मुत्सद्द्याचा सर्वांत मोठा साहाय्यक होय.

पेशवाईच्या शेवटच्या काळात त्र्यंबकचे नाव एका माणसाच्या निमित्ताने सर्वतोमुखी झाले, आणि योगायोगाने त्याचेही नाव त्र्यंबकच होते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५च्या जुलैत पंढरपुरास खून झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी मागून घेतले व ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथील पहाऱ्यावर केवळ गोरे शिपाई नेमण्याची खबरदारी घेतली होती, कारण देशी शिपाई फितूर होण्याची भीती. परंतु त्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हते, आणि आपल्या साहेबाचा घोडा फिरवण्याच्या मिषाने तुरुंगाच्या खिडकीखालून जाणारा एक मराठा मोतद्दार जी गाणी म्हणत असे त्यांत कैद्याला पळून जाण्याचा सारा बेत सांगितलेला होता. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्र्यंबकजी निसटला. पहारा चोख होता, माणसे निष्ठावान होती, दरवाजे भक्कम होते. मात्र पहाऱ्याच्या कानावर पडणाऱ्या मजकुराचा अर्थ पहाऱ्याला लागत नव्हता, आणि एवढ्या एका छिद्रातून सारे पाणी वाहून गेले.

पुढे इंग्रज व पेशवे यांच्यात युद्ध पेटले, बाजीराव पळत सुटला, आणि १८१८च्या एप्रिलात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या तोफा त्र्यंबकसमोर आल्या. ज्या गडाला मातबरखानाने दीर्घकाळ नाकेबंदी घातली तो तीनचार दिवसांत रिकामा झाला, आणि त्या बातमीने या टापूतील आणखी सतरा किल्ले गोळी न झाडता शरण आले, असे नाशिक जिल्ह्याचे जुने गॅझेटियर सांगते. त्याच गॅझेटियरात पुढची एक हकीकत आहे. गड ताब्यात आल्यावर इंग्रजांनी तेथे थोडीशी शिबंदी एका सुभेदाराच्या हाताखाली ठेवून मुख्य फौज पुढे नेली. गोदावरीच्या उगमाच्या दर्शनासाठी यात्रेकरूंचा राबता गडावर नित्य असे, त्यांना अडवणे शक्यही नव्हते व शहाणपणाचेही नव्हते. तेव्हा त्र्यंबकजीच्या पक्षाची काही माणसे यात्रेकरूंचा वेष घेऊन दर्शनाच्या निमित्ताने वर आली आणि संधी साधून त्यांनी पहाऱ्यावर हल्ला चढवला. सुभेदाराच्या सावधपणामुळे डाव फसला; स्वतः त्र्यंबकजीही लवकरच चांदवडच्या बाजूस अहेरगावी पकडला जाऊन गंगेकाठच्या चुनार किल्ल्यात जन्मभराचा बंदिवान झाला. ज्या संस्थेला दरवाजा सर्वांसाठी उघडा ठेवावाच लागतो तिच्या राखणदाराचे दुःख या प्रसंगाहून स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. तीर्थक्षेत्र असो की विद्यापीठ, आलेल्याला आत घेणे हाच तिचा धर्म असतो, आणि आलेला कोण हे ओळखणे हे तिच्या पहाऱ्याचे कर्म असते. या धर्मातील व कर्मातील तंटा आजवर मिटलेला नाही.

कंपनी सरकारने गडांचे दरवाजे व पायऱ्या सुरुंगाने उडवून ते पुन्हा वापरता येऊ नयेत असे केले, आणि ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी त्या दरवाजांवर अवलंबून होती त्या माणसांचे काय, हा प्रश्न काही वर्षे तसाच राहू दिला. सह्याद्रीच्या या भागातील महादेव कोळी हे मेटांचे, घाटांचे व गडांचे जुने राखणदार. त्यांच्याविषयी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३७ साली जो दीर्घ वृत्तान्त छापला त्यावरून दिसते की, गडांवरील नेमणुका गेल्यामुळे व पगार कमी झाल्यामुळे १८२८च्या सुमारास त्यांच्यात असंतोष माजला व रामजी भांगरे त्याचा एक पुढारी झाला. पुढे १८४४पासून त्याच कुळातील राघोजी भांगऱ्याने उठाव केला, त्याला २ मे १८४८ रोजी अहमदनगरास फाशी देण्यात आले. तिकडे कोल्हापूर संस्थानात, त्याच १८४४ साली, सामानगड व भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केले; त्यांच्या नोकरीबद्दल चालत आलेल्या जमिनी नव्या कारभाराने मामलेदारांच्या देखरेखीखाली घातल्या हे त्याचे निमित्त. इतिहासकार या उठावांना परकीय सत्तेविरुद्धचे लढे म्हणतात व ते यथार्थ आहे. परंतु त्यांच्या मुळाशी आणखी एक साधी गोष्ट होती, ती ही की दीर्घकाळ राखण केलेल्या माणसाला जागेवरून उठवताना त्याच्या ज्ञानाची किंमत कोणी केली नाही. ज्याला डोंगरातील प्रत्येक चोरवाट माहीत आहे त्याला एका कागदाच्या फर्मानाने बडतर्फ करता येते, पण चोरवाटा त्याच्या डोक्यातून जप्त करता येत नाहीत.

आता डोंगराखाली उतरू. नानासाहेब पेशव्यांनी १७५५च्या सुमारास आरंभलेले त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणाचे देऊळ आणि कुशावर्त यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून तीर्थोपाध्यायांची घरे आहेत, व त्या घरांतून यजमानांच्या वंशावळींच्या वह्या आहेत. नारायणनागबळीस, कालसर्पशांतीस किंवा नुसत्याच श्राद्धास आलेला मनुष्य आपले आडनाव व मूळ गाव सांगतो. त्यावरून तो कोणत्या उपाध्यायाचा यजमान हे ठरते. मग कपाटातून वा पेटीतून पोथीच्या आकाराचे लांबट दप्तर निघते आणि त्याच्या पणजोबाची, कधी त्याहून दोन पिढ्या मागच्या पुरुषाची सही, मुलांची व भावांची नावे, येण्याचे निमित्त व तिथी त्याच्यापुढे येते. पुढच्या ओळीत तो स्वतःच्या हाताने आपली नोंद करतो. या व्यवहारात ओळख दोन्हीकडून पटते, हे त्याचे वैशिष्ट्य. यजमान खरा की खोटा हे उपाध्याय त्याने सांगितलेल्या नावांवरून पडताळतो, आणि उपाध्याय खरा की वाटेत गाठ पडलेला तोतया हे यजमान त्याने दाखवलेल्या सहीवरून. दुसऱ्या उपाध्यायाची वही मागून पाहता येत नाही. यजमानकृत्याच्या या हक्कांवरून इंग्रजी न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या फिर्यादी चालल्या आहेत, आणि ते भांडण लोभाचे म्हणून हिणवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, त्या ईर्ष्येनेच कागद वाळवीपासून जपले गेले.

येथे बदलीचा प्रश्न नाही. येथे माणूस जागा सोडतो तो मरणाने किंवा म्हातारपणाने, आणि तोवर मुलगा वा पुतण्या त्याच्या शेजारी बसून वही उलगडण्यास, गावांच्या क्रमाने शोधण्यास व मोडी वाचण्यास शिकलेला असतो. आज्ञापत्राचा नियम येथे लावला असता तर ही व्यवस्था एका पिढीत कोलमडली असती, कारण तिचे बळ भरवशाच्या विभागणीत नसून स्मरणाच्या अखंडतेत आहे. परंतु मोडीचे शिक्षण शाळांतून उठल्यावर याच अखंडतेला जो धक्का बसला तो शत्रूच्या तोफांनी बसला नसता. वही शाबूत, शाई शाबूत, वहीचा धनी शाबूत, आणि ओळ मात्र लागत नाही. सुरक्षिततेच्या भाषेत बोलायचे तर कुलूप कोणी फोडले नाही. किल्लीच कोणाला ओळखू येईनाशी झाली. ज्या घरांतून मोडीचा सराव टिकला त्यांनी आपले दप्तर जिवंत ठेवले, इतरांनी जुन्या वह्या पूज्य म्हणून ठेवल्या व नव्या बाळबोधीत सुरू केल्या.

याच्या जवळपासचे पण सरकारी रंगाचे एक स्थित्यंतर महाराष्ट्राच्या मोठ्या भागाने पाहिले. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली आणि गावोगावची दप्तरे पगारी तलाठ्याच्या हवाली झाली. कुलकर्ण्याने अनेक पिढ्या गावाची जमीन कागदावर सांभाळली होती. सांभाळताना काही ठिकाणी स्वतःच्या हिताकडेही पाहिले होते, हे उघड गुपित आहे आणि ते झाकण्याचे मला कारण नाही. यादी करून रुमाल मोजून दिले, पावती घेतली, येथवर सर्व यथास्थित झाले. परंतु अमुक बांधाचा वाद कोणाच्या आजोबांपासूनचा, अमुक नोंद दुष्काळाच्या साली घाईने का झाली, हे कोणत्या रुमालात बांधून द्यावयाचे? तलाठी बदलीचा नोकर. तो गडावरच्या हवालदाराच्या नियमाने चाले, आणि त्याच्या हाती आलेले दप्तर मात्र उपाध्यायाच्या वहीच्या जातीचे होते. राखणीची रीत एक आणि राखावयाच्या वस्तूचा स्वभाव दुसरा, असा हा विजोड आहे, आणि पुढे संगणकाच्या राखणीविषयी जे सांगावयाचे आहे ते याच विजोडासंबंधी आहे.

परवलीच्या शब्दाने यंत्रात शिरण्याची चाल विद्यापीठांतूनच निघाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९६१च्या सुमारास एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची योजना सुरू झाली तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून पासवर्ड आले, आणि १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्याला मिळणारा वेळ पुरत नाही एवढ्याच कारणासाठी, सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. म्हणजे कुलूप व चोरकिल्ली यांच्या जन्मात वर्षाचेही अंतर नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामाने हजारो संगणक गुदमरले, त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांसाठी पहिले निवारण-केंद्र उभे राहिले, आणि विद्यापीठातील संगणक-रक्षक ही एक स्वतंत्र नोकरी झाली. आपल्याकडे शिक्षणसंस्थांचे संगणक-जाळे १९८६पासून उभे राहू लागले, सामान्य नागरिकाला १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट मिळाले, माहिती तंत्रज्ञानाचा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, आणि २००४पासून राष्ट्रीय पातळीवरचे निवारण-केंद्र काम करू लागले. नाशकात १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ व १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त विद्यापीठाचा बहुसंख्य विद्यार्थी तर नाशकाचे तोंडही न पाहता पदवीधर होतो. विद्यापीठाच्या दृष्टीने तो म्हणजे एक नोंदणी क्रमांक व त्यापुढील गुणांची ओळ. ती ओळ बिघडली तर त्याला ओळखणारा एकही शिक्षक साक्षीस उभा राहणार नाही. उपाध्यायाच्या वहीतील सहीइतकी ती ओळ नाजूक आहे.

अशा एका विद्यापीठात मी दीर्घकाळ संगणक-रक्षकाची चाकरी केली व अलीकडे ती सोडली. कोणत्या विद्यापीठात हे सांगण्याचे प्रयोजन नाही, आणि पहारेकऱ्याने जुन्या गडाचे नाव घेऊ नये हा संकेत मला मान्यही आहे. या कामात जागेवर दीर्घकाळ राहणारा मनुष्य हळूहळू हवालदाराचा उपाध्याय होतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. नेमणूक किल्ल्यांसाठी झालेली असते: फायरवॉलचे नियम, सर्व्हरची मुख्य खाती, बॅकअपच्या प्रती, कोण केव्हा आत आले याचे लॉग. परंतु वर्षे जातात, कुलगुरू बदलतात, कुलसचिव बदलतात, यंत्रे पुरवणारे कंत्राटदार बदलतात, आणि अमुक नियम का घातला होता हे सांगणारा एकच मनुष्य उरतो. एखाद्या प्रयोगशाळेसाठी उघडलेली वाट ती प्रयोगशाळा बंद झाल्यावरही कोणी बुजवत नाही; निकालाच्या आदल्या रात्री परीक्षा विभागातून येणारा फोन खरा कोणाचा व बतावणी कोणाची हे आवाजावरून ओळखण्याची सवय होते. ही सवय म्हणजे कौशल्य आहे असे लोक म्हणतात. मला ती व्यवस्थेतील उणीव वाटते, कारण ती माझ्याबरोबर निघून जाणार होती, आणि उद्या यात्रेकरूच्या वेषात कोणी आला तर नव्या माणसाला आवाज ओळखता येणार नव्हता.

राखणदार स्वतःला गड समजू लागला की काय होते याचे उदाहरण २००८च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्को शहराने पाहिले. तेथील पालिकेच्या संगणक-जाळ्याची उभारणी व देखभाल केलेल्या टेरी चाइल्ड्स या अभियंत्याने, वरिष्ठांना ते चालवण्याची अक्कल नाही असे म्हणून, मुख्य पासवर्ड देण्याचे नाकारले. तो तुरुंगात गेला, जाळे बिनबोभाट चालत राहिले, आणि नकारापासून बारा दिवसांनी त्याने कोठडीत आलेल्या महापौराच्याच हाती ते शब्द दिले. २०१० साली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याने काही चोरले नव्हते, काही मोडले नव्हते. वरिष्ठांविषयीचे त्याचे मत कदाचित खरेही असेल. तथापि ज्या व्यवस्थेत एका माणसाच्या रुसण्याने शहराच्या किल्ल्या अडकतात तिचा दोष त्या माणसाच्या आधी तिला तशी होऊ देणाऱ्यांकडे जातो. आज्ञापत्रकारांनी ते जाळे पाहिले असते तर सबनीस कोठे आहे, असे प्रथम विचारले असते.

आमच्या कायद्यात नकळत आज्ञापत्राचा एक धागा उतरला आहे. अधिकाऱ्याची डिजिटल सही व्यक्तीच्या नावाने दिली जाते व ती फार तर तीन वर्षे चालते. पुढे पुन्हा ओळख पटवून नवी घ्यावी लागते, आणि जागा सोडताना ती रद्द करावी लागते. हवालदाराचीही मुदत तीनच वर्षांची होती. मात्र सही रद्द होते तशी आठवण रद्द होत नाही, म्हणून जाण्याआधी काही महिने मी उत्तराधिकाऱ्याला शेजारी बसवून उपाध्यायाच्या रीतीने एकेक नियम त्याच्या जन्मकथेसह लिहून काढला, आणि ज्यांची जन्मकथा मलाच सांगता येईना ते नियम दोघांनी मिळून काढून टाकले. त्यानंतर किल्ल्यांचा भाग हवालदाराच्या रीतीने झाला: प्रत्येक मुख्य खात्याचा पासवर्ड नव्या माणसाने माझ्या पाठीमागे बदलला, दोघांवाचून न उघडणारी जी दोन खाती होती त्यांतून माझे नाव काढून लेखा विभागातील अधिकाऱ्याचे घातले, बॅकअपच्या प्रती मोजून दिल्या व पावती घेतली.

शेवटच्या दिवशी दुपारी माझे स्वतःचे खाते बंद केल्याची नोंद झाली. तेव्हा मी त्याच्याच यंत्रावर, त्याच्यासमोर, माझ्या जुन्या पासवर्डाने आत शिरण्याचा प्रयत्न केला, आणि प्रवेश नाकारल्याचा मजकूर पडद्यावर येताच तो प्रयत्न नाव, स्थळ व वेळेसह लॉगमध्ये उतरला की नाही हे पाहावयास त्याला सांगितले. उतरला होता. घड्याळ मात्र दोन मिनिटे मागे होते. ते त्याने माझ्यादेखतच दुरुस्त केले.